दोन भावांच्या नाड्या

ज्याच्याबद्दल मी "महिनाभर काढला तर नशीब" असं सांगितलं होतं, तो माणूस आठ महिन्यांनी माझ्या तट्टाच्या पुढे चार कोस चिखलातून धावत गेला. ही गोष्ट मी आजवर कुणाला सरळ सांगितलेली नाही. दिवाळीच्या अंकासाठी वैद्यकीतले अनुभव लिहून द्या, असं संपादकांचं पत्र आलं. त्यांना बहुधा बऱ्या झालेल्या रोग्यांच्या हकिगती हव्या असाव्यात. तशा माझ्याकडे पुष्कळ आहेत. आधी अकोल्यात आणि मग अमरावतीत मिळून सारं आयुष्य वैद्यकीत गेलं. याच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते खरं वाटे. पण लिहायला बसलो की बाकीच्या हकिगती मागे राहतात आणि हीच पुढे येते.

ज्यांनी वैद्याला कधी हात दाखवला नाही त्यांच्यासाठी आमच्या धंद्याबद्दल दोन शब्द सांगतो. नाडी पाहायची ती सकाळी, रोग्याच्या पोटात अन्न नसताना. पुरुषाचा उजवा हात, बाईचा डावा. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं टेकवायची आणि गप्प बसायचं. नाडी सापासारखी चालते की बेडकासारखी उड्या मारते की हंसासारखी डौलात जाते, हे बोटांना कळावं लागतं. वडिलांनी मला हे शिकवलं तेव्हा वर्षभर मी नुसते हात धरून बसत होतो, तोंड उघडायची परवानगी नव्हती. जोरात उसळणारी, बोटाला ढकलणारी नाडी म्हणजे अंगात बळ आहे. संथ, थांबत थांबत येणारी नाडी म्हणजे प्राण निघायच्या वाटेवर आहे. हे मी पाठ केलं होतं आणि वडील गेल्यावर त्याच्याच जोरावर सत्ताविसाव्या वर्षी अकोल्यात गादीवर बसलो होतो.

ते दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीला एकदम भाग्य आलं. मुंबईचे दलाल अकोल्यात येऊन राहिले. ज्यांनी आयुष्यभर औताच्या मागे पायपीट केली, त्यांच्या दाराशी सौदे करायला माणसं येऊ लागली. दोन-तीन वर्षांत गावंच्या गावं बदललेली मी पाहिली. घरांवर माड्या चढल्या, दारात दमण्या आल्या. दमणी म्हणजे दोन पळत्या बैलांची हलकी छपरी गाडी. पूर्वी लग्नाकार्याला मागून आणायची वस्तू, ती आता लोक शेताच्या बांधापर्यंत जायलासुद्धा जोडू लागले.

पुंजाजी त्यातलाच. अकोल्याहून मूर्तिजापूरच्या वाटेवर चार कोसांवर, काटेपूर्णेच्या काठी त्याचं गाव. मूळचा अंगापिंडानं दांडगा कुणबी. कापसाचं भरलेलं बोंद, म्हणजे भलंमोठं पोतं, एकट्यानं उचलून गाडीवर टाकी, अशी त्याची ख्याती. धाकटा भाऊ उकंडा. शेती एकालाच पुरण्याइतकी होती, म्हणून तो तरुणपणीच सरकारी डाकेत हरकाऱ्याच्या कामाला लागला. हरकारा म्हणजे पाठीवर टपालाची थैली, हातात घुंगरू बांधलेली काठी घेऊन पुढच्या चौकीपर्यंत धावत जाणारा आणि तिकडची थैली घेऊन धावत परत येणारा माणूस. दोघा भावांचं एकमेकांवर फार प्रेम. पुढे थोरल्याला सुबत्ता आली तेव्हा त्यानं धाकट्याला किती वेळा म्हटलं की, आता हे काम सोड. पण उकंड्याला घरात करमत नसे.

हिवाळ्यात एका सकाळी पुंजाजी दमणीतून माझ्याकडे आला. बरोबर बायको गिरजाबाई आणि उकंडा. पुंजाजीला दोन वर्षांनी पाहत होतो, आधी ओळखलंच नाही. गाल वर आलेले, पोट पुढे, अंगावर शाल. ओट्याच्या तीन पायऱ्या चढून आला आणि भिंतीला हात लावून उभा राहिला.

"मले काई झालं नाई, वैद्यबुवा," तो म्हणाला. "जेवून चाललो का छातीवर कोनी पाटा ठेवल्यावानी वाटते. इकडे डाव्या हातात बी कळ येते. बसलो का बरं वाटते."

"मंग बसतच राह्यतात," गिरजाबाई म्हणाली. ती चेष्टेत म्हणाली होती. मीही हसलो.

मग तो भावाकडे बोट दाखवून म्हणाला, "पन माह्याहून याचा हात आधी पाहा जी. हा दिसभर पयत राह्यते. याची मले चिंता लागून राहिली."

मला काय सुचलं कोण जाणे, मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि उजव्या हाताची बोटं थोरल्याच्या मनगटावर, डाव्या हाताची धाकट्याच्या मनगटावर ठेवली. असं कुणी पाहत नाही. पण तरुण होतो, ओट्यावर माणसं बसलेली होती, त्यांना आपलं कसब दिसावं असं वाटलं असेल.

पुंजाजीची नाडी बोटांना धक्के देत होती. भरलेली, टणक, भराभर. उकंड्याची सापडायलाच वेळ लागला असं वाटलं. सापडली होती, पण एक ठोका पडला की दुसरा येईचना. मी श्वास धरून वाट पाहायचो तेव्हा तो यायचा. त्याचा एक ठोका पडून दुसरा येईपर्यंत इकडे थोरल्याचे दोन पडत. माझ्या अंगावर काटा आला. इतकी संथ नाडी मी मरणपंथाला लागलेल्या माणसांचीच पाहिली होती. आणि हा माणूस तर समोर बसून दारातल्या बैलांकडे पाहत होता.

पुंजाजीला मी सांगितलं, "काळजीचं काही नाही. नाडी भरदार आहे, अंगात बळ आहे. आयुष्यभर कष्ट केलेत, त्याचा थोडा वात झाला आहे. आता अंगाला विश्रांती द्या." तूप, दूध, बदाम आणि सुवर्णभस्माच्या पुड्या दिल्या. गिरजाबाईला वेगळं बजावलं, "त्यांना जिना चढू देऊ नका, चालू देऊ नका. पाणीसुद्धा हातात नेऊन द्या."

मग पुंजाजीला आतल्या खोलीत बोलावून त्याच्या भावाबद्दल सांगितलं. ते महिनाभराचं वाक्य तेव्हाच बोललो. तो दांडगा माणूस लहान मुलासारखा रडला. बाहेर उकंड्यानं सगळं ऐकलं होतं, कारण आमची खोली कुडाची. जाताना त्यानं मला वाकून नमस्कार केला.

त्यानंतर श्रावण संपेपर्यंत त्यांच्याकडून काही कळलं नाही. मी मनात धरलं होतं की उकंडा गेला असणार.

पोळ्याच्या दिवशी सकाळी मी पूजा आटोपून ओट्यावर आलो, तर समोरच्या वाटेनं एक माणूस धावत येत होता. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावर नुसतं धोतर. ओट्याशी येऊन थांबला. उकंडा होता.

"दादा पडला," तो म्हणाला. "चाला."

मी विचारलं, "तू कसा आलास?"

"पयत. गाड्या समद्या बैलांपायी सुटल्या हायेत, आज पोळा नाई का. चाला ना बुवा, कावून उभे राहिले तुमी?"

मी सवयीनं त्याचं मनगट धरलं. नाडी घोड्यासारखी दौडत होती. मला वाटलं, हा आता इथेच कोसळतो. त्याला बळेच खाली बसवलं, तट्टावर जीन घालायला सांगितलं, पिशवी आणायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा जीन कसून नुकतंच झालं होतं. पुन्हा हात पाहिला. ठोका पडला, आणि मग वाट पाहावी लागली, आणि मग दुसरा पडला. तीच हिवाळ्यातली संथ नाडी. चार कोस चिखलातून धावून आलेल्या माणसाची छाती इतक्या वेळात झोपलेल्या माणसासारखी शांत झाली होती.

मी त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. मला काही कळेना. नाडी खोटी म्हणावी तर माझीच बोटं होती, आणि खरी म्हणावी तर तो आठ महिन्यांपूर्वीच मरायला हवा होता.

वाटेत त्यानं सांगितलं, तेही धावता धावता. माझं ऐकून भावानं त्याला काम सोडायला लावलं होतं. तो होळीपर्यंत घरात बसला. बसून बसून पाय जड झाले, भूक गेली. मग एक दिवस त्यानं ठरवलं की मरायचंच आहे तर वाटेवर मरू, आणि पुन्हा थैली उचलली. मधल्या काळात आणखी एक झालं होतं. बाप जाणार म्हणून त्याच्या मुलीचं लग्न घाईघाईनं उरकून टाकलं होतं. नीट स्थळ पाहायला सवड नव्हती. तेल्हाऱ्याच्या एका बिजवराला दिली. हे तो माझ्याकडे न पाहता बोलला. मी तट्टावर होतो, तो माझ्या पुढे होता, आणि मला त्याच्यामागून जायची लाज वाटत होती.

पुंजाजीचं काय झालं ते गावात कळलं. पोळ्याला आपले बैल आपण धुवायचे म्हणून तो हट्टानं नदीवर गेला होता. आठ महिने तो माडीवरच्या गादीवरून फारसा उठला नव्हता. जेवायला तिथेच, हुक्का तिथेच, पाय दाबायला माणूस तिथेच. बायको त्याला जाऊ देत नव्हती, पण सणाच्या दिवशी तो ऐकेना. नदीत ढोल-ताशाच्या आवाजानं त्याचा मोठा बैल बिथरला आणि दावं तोडून काठावर चढून पळाला. पुंजाजी त्याच्यामागे धावला. पूर्वी तो असाच धावत असे. काठाचा चढ चढून वर आला, छाती धरली आणि पडला.

मी पोचलो तेव्हा तो बाभळीखाली घोंगडीवर होता. अंग घामानं थंडगार, ओठ काळे. ती भरदार नाडी आता दोऱ्यासारखी झाली होती, आणि मधेच हरवत होती. मी हेमगर्भाची मात्रा मधात उगाळून जिभेवर लावली. आमच्याकडे त्याच्या पलीकडे औषध नाही. गिरजाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

त्यानं डोळे उघडले. भावाला पाहिलं. "बैल भेटला का?" म्हणाला.

"भेटला, दादा. बांधला त्याले."

नाडी माझ्या बोटांखालीच थांबली. मी बोटं काढली नाहीत. लोकांना वाटलं अजून आहे, म्हणून सगळे गप्प उभे होते. शेवटी उकंड्यानं माझा हात धरून बाजूला केला.

"वैद्यबुवा," तो हळूच म्हणाला, "तुमी तं मले मरनार म्हनले होते."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं.

तेराव्याला मी बोलावणं नसताना गेलो. परतताना गिरजाबाई दाराशी आली. तिनं विचारलं, "तुमी म्हनले होते त्याइले उठू देऊ नका. म्या पानी बी हातात देलं. एक पायरी चढू देली नाई. तरी कसं झालं? माह्या हातून काई चुकलं का?"

खरं उत्तर मला तोवर पुरतं उमगलं नव्हतं, पण अंदाज आला होता. चूक तिच्या हातून झाली नव्हती, माझ्या तोंडून झाली होती. एवढं तरी मला म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "त्यांचं आयुष्य तेवढंच होतं, बाई." तिनं मान हलवली आणि आत गेली.

त्यानंतर मी वेड्यासारखा हात पाहत सुटलो. रोग्यांचे नव्हे, धडधाकट माणसांचे. कापसाच्या बाजारात जाऊन गठ्ठे दाबणाऱ्या हमालांचे पाहिले, घरोघरी रेच्यावर, म्हणजे हातचरकीवर, सरकी काढणाऱ्या बायांचे पाहिले, दलालांच्या गाद्यांवर बसलेल्या शेठजींचे पाहिले. लोकांना वाटलं, बाप गेल्यापासून याच्या डोक्यावर परिणाम झालाय. हमालांच्या आणि बायांच्या नाड्या बहुतेक संथ, आणि काम करून आल्यावर चटकन खाली येणाऱ्या. गादीवरच्या माणसांच्या बसल्या जागी भराभर, आणि जिना चढले तर बराच वेळ तशाच. ज्याला मी बळ समजत होतो ती धाप होती. मेहनत न राहिलेल्या हृदयाची धाप.

याचं कारण मला अकोल्याच्या इस्पितळातल्या गोऱ्या डॉक्टरानं सांगितलं. मी कुणाकडे विचारायला जाणारा नव्हतो, पण तेव्हा माझा अभिमान उरला नव्हता. त्यानं खाटकाकडून बकऱ्याचं हृदय मागवून माझ्यासमोर चिरलं. मला शिसारी आली, आणि त्याहून जास्त धक्का बसला. आमच्या पोथीतलं हृदय म्हणजे कमळ, चैतन्याचं घर. समोर होतं ते मांस होतं. जाड, लाल, दंडाच्या स्नायूसारखं. डॉक्टर मोडक्या हिंदीत म्हणाला, धावणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जितकं रक्त पुढे लोटतं, तितकं लोटायला बसणाऱ्याच्या हृदयाला दोन ठोके लागतात. बसून राहिलेलं, तुपादुधावर पोसलेलं हृदय ढिलं पडतं, रक्ताच्या वाटा कोंदतात, आणि मग अशा माणसानं एकदम धाव घेतली की ते साथ सोडतं. "हळूहळू चालवत ठेवलं असतंस तर," एवढं म्हणून तो थांबला. मी रोगी कोण ते सांगितलं नव्हतं, तरी त्याला समजलं असावं.

पुढे मी अमरावतीला बिऱ्हाड हलवलं आणि माझी वैद्यकी बदलली. छातीची तक्रार घेऊन जो गाडीतून येईल त्याला मी औषध देत नसे. आज कोपऱ्यापर्यंत चाल, आठ दिवसांनी अंबादेवीच्या देवळापर्यंत, असं वाढवत माझ्या घरी पायी ये, मग हात पाहीन. लोक चिडत. एक सरकीचे व्यापारी शेठ रोज पायी येतो म्हणून सांगत. कपाळाला पाणी लावून, धापा टाकत ओट्यावर येत. मी हात धरला की नाडी मात्र नुकत्याच गादीवरून उठलेल्या माणसाची, चालून आलेल्याची नव्हे. एक दिवस मी उठून गल्लीच्या तोंडाशी गेलो, तर त्यांची दमणी तिथे वडाखाली उभी, गाडीवान बिडी ओढत बसलेला. शेठ मागून आले आणि म्हणाले, "महाराज, आपकी उंगलियों में तो थानेदार बैठा है." त्या दिवसापासून ते खरंच चालू लागले आणि पुष्कळ वर्षं जगले. अशी माणसं बरी झाली की लोक माझं कौतुक करत, आणि मला ते काठावरचं घोंगडं दिसे. हे सगळं मी एका माणसाचा जीव घालवून शिकलो होतो, आणि ज्या बाईला ते सांगायला हवं होतं तिलाच सांगितलं नव्हतं.

पंधरा वर्षं गेली. रेल्वे येऊन जुनी झाली. मूर्तिजापूरच्या वाटेवरची हरकाऱ्यांची डाक केव्हाच बंद झाली होती आणि उकंडा परतवाड्याकडे डोंगरातल्या डाकेवर गेला होता. कधीमधी अमरावतीला आला की मला हात दाखवून जाई. त्याला गंमत वाटे. एकदा जाताना म्हणाला, "वैनी अजून म्हनते, माह्याच हातानं गेले म्हून. कधी गेले तं सांगा तिले काई."

मी दुसऱ्याच दिवशी निघालो. स्टेशनवरून पायी गावात गेलो. गिरजाबाई शेतात कापूस वेचत होती. केस पांढरे झालेले, कमरेला ओटी कापसानं भरलेली. तिनं मला ओळखलं. बांधावर बसलो आणि मी सांगितलं. तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं, मी चुकलो होतो. माझा सल्लाच उलटा होता. त्यांना चालवायला हवं होतं, मी बसवून ठेवलं. आणि तेराव्याला तुम्ही विचारलंत तेव्हाही मी खोटं बोललो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, रडेल किंवा शिव्या देईल.

"मले तवाच वाटलं होतं," ती म्हणाली. "तुमचं तोंड पाह्यलं होतं म्या त्या रोजी. पन तुमी बोलले नाई, तं म्या म्हटलं माहीच चूक असंन." मग ओटीतला कापूस तिनं पोत्यात रिकामा केला. "पंदरा वर्स म्या एकटीनं वाह्यलं हे. आता अर्ध तुमी न्या."

एवढं म्हणून ती पुन्हा ओळीत शिरली. तिच्या हातांचा वेग जराही कमी झाला नव्हता. मी बांधावर बसून होतो. जा असंही ती म्हणाली नाही, थांबा असंही नाही.